पाळी जाताना छातीत होणारी धडधड

कापूस वेचणीच्या दिवसांत फुलंब्री तालुक्यातली पंचेचाळिशीची बाई ‘छातीत धडधडतंय’ म्हणाली, की घरातून दोन उत्तरं ठरलेली: पित्त झालं असेल, नाहीतर उगाच टेन्शन घेतेस. पाळी जाण्याचे दिवस जवळ आलेत, हे मात्र सहसा कुणी सुचवत नाही. खुद्द तीही नाही.

भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. सलग १२ महिने पाळी आली नाही, की त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. खरा गोंधळ त्याआधीच्या काही वर्षांत सुरू होतो. इस्ट्रोजेन हे हार्मोन एका सरळ रेषेत उतरत नाही. कधी चढतं, कधी कोसळतं. शरीराचं तापमान आणि हृदयाची गती सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेला हे चढउतार जाणवतात. अंगातून गरम वाफा निघतात तेव्हा नाडी मिनिटाला साधारण ८ ते १५ ठोक्यांनी वाढू शकते. काहींना वाफा नसतानाही मधेच एखादा ठोका अवेळी पडतो. त्यानंतर क्षणभर थांबून येणारा पुढचा ठोका जोरात बसतो आणि छातीत धस्स होतं. दोन्ही प्रकार बहुतेकदा निरुपद्रवी असतात, पण रात्री झोपेतून दचकून उठलेल्या बाईला ते तसे वाटत नाहीत.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या जॅनेट कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले. पाळी जाण्याच्या काळात ४२ टक्क्यांपर्यंत आणि ती गेल्यानंतर ५४ टक्क्यांपर्यंत स्त्रियांनी धडधडीची तक्रार सांगितली होती. इतकी सर्रास असणारी तक्रार दवाखान्यात मात्र क्वचितच पाळीशी जोडली जाते.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१६ ते २०१९ या तीन वर्षांत खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याची माहिती २०१९च्या जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली. अनेकींचं वय चाळिशीच्या आतलं.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं आणि तिशी-पस्तिशीतच घाम, वाफा, धडधड सुरू होऊ शकते. अंडाशयं ठेवली तरी ती काही वर्षं आधी थकण्याची शक्यता असते. शिवाय पाळी आधीच बंद झालेली, त्यामुळे ‘आता पाळी अनियमित झाली’ ही खूणही उरत नाही. अशा बाईला नुसतं ‘अजून वय कुठं झालंय’ म्हणून परत पाठवणं चूकच आहे. लवकर आलेल्या रजोनिवृत्तीने पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून तिचा रक्तदाब आणि साखर जास्तच जपून पाहायला हवी.

उलट बाजूही तितकीच खरी: प्रत्येक धडधड पाळीच्या खात्यावर टाकता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि रक्त कमी असलं की हृदय जोरात पळतं. पाळी जाण्याआधी काहींना अतोनात रक्तस्राव होतो. मग दोन्ही कारणं एकाच अंगात येतात. थायरॉईड वाढलेलं असेल किंवा थायरॉईडच्या गोळीचा डोस जास्त झाला असेल, तरी हेच होतं. दिवसातून पाच-सहा कप चहा हाही साधा गुन्हेगार नव्हे. त्यामुळे हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, रक्तदाब आणि ईसीजी एवढ्या तपासण्या आधी व्हाव्यात. आशाताई तिशीवरच्यांची नोंद घेतात तेव्हा ही तक्रारही त्यांच्या कानावर घालावी.

त्रास फार असेल तर हार्मोनचे उपचार असतात. ते वाफांसाठी प्रभावी आहेत, पण केवळ धडधडीसाठी सहसा दिले जात नाहीत. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठी होऊन गेलेल्यांना ते बहुधा टाळतात. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणण्याचा हा प्रकार नव्हे.

धडधडीसोबत चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल, तर १०८ला फोन करावा. एरवी मनगटावर बोटं ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजावेत, दुप्पट करावेत आणि वेळेसकट लिहून ठेवावेत; ठोके एकसारखे पडतात की वेडेवाकडे, हेही. फुलंब्रीहून शहरातल्या घाटी रुग्णालयापर्यंत सुमारे ३० किलोमीटर जाईस्तोवर नाडी पूर्ववत होते आणि ईसीजी नॉर्मल येतो. म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या सरकारी दवाखान्यात पोहोचून ईसीजीची पट्टी काढून घेता आली, तर पुढच्या डॉक्टरला तिचा मोठा उपयोग होतो. तेही जमत नसेल, तर २४ तास अंगावर लावायच्या होल्टर यंत्राबद्दल विचारावं.