दर साडेआठ सेकंदांना एक विहीर!

दोन टेराबाइटची एक्स्टर्नल हार्ड डिस्क तळहातावर घ्या. वजन पावशेरही भरत नाही. आता केबल जोडा, लग्नाचे, बारशाचे, सहलींचे सगळे फोटो आणि व्हिडिओ निवडा आणि कॉपी सुरू करा. पडद्यावर पट्टी गुपचूप सरकत राहते, पण आत चाललेल्या कामाचा हिशेब मांडला की डोळे विस्फारतात. चला, मिळून मांडू.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली. चोवीस इंची ५० तबकड्या, कपाटाएवढं धूड, वजन जवळपास टनभर. आणि साठवण? ५० लाख अक्षरं! आजच्या मोबाइलचा एखादा फोटो त्यात जेमतेम मावला असता. आपली दोन टेराबाइटची डिस्क म्हणजे तशी ४ लाख कपाटं, म्हणजेच ४ लाख टन! कोळशाची एक मालगाडी चार हजार टनांच्या आसपास माल नेते. म्हणजे आपल्याला शंभर मालगाड्या लागणार. एकेक साडेसहाशे मीटर लांबीची धरून त्या एकीमागे एक उभ्या केल्या, तर पहिलं इंजिन सीएसएमटीला आणि शेवटचा डबा बदलापूरच्या वेशीवर. आणि हे सगळं आज शर्टाच्या खिशात!

रुपयांत मोजायचंय? १९८० साली पाच मेगाबाइटची डिस्क दीड हजार डॉलरला होती. डॉलर तेव्हा आठेक रुपयांना होता. त्या दराने आपली डिस्क ४८० कोटींची. आज ती काही हजारांत घरी येते.

मजकूर भरायचा म्हटलं, तर मराठी पुस्तकाचं एक पान साधारण पाच हजार बाइटचं, म्हणजे डिस्कमध्ये ४० कोटी पानं. पाठपोट छापली तरी कागदांची चळत २० किलोमीटर उंच जाईल. कळसूबाईवर कळसूबाई, अशी बारा कळसूबाई शिखरं!

आता तबकडी फिरू द्या. मिनिटाला ५,४०० फेरे, सेकंदाला ९०. सेकंदाला शंभर मेगाबाइट असा वेग मिळाला, तर डिस्क भरायला साडेपाच तास लागतात. तेवढ्या वेळात तबकडी १८ लाख गिरक्या घेते, आणि तिच्या कडेवरचा ठिपका ३६० किलोमीटर धावतो. मुंबईहून पुणे, पुण्याहून परत मुंबई, आणि पुन्हा निघून थेट पनवेलच्याही पुढे! बसल्या जागी, टेबलावर!

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. डिस्कवर लिहिले जातात ते शून्य आणि एक, म्हणजे बिट. एकेक बिट म्हणजे पाण्याचा एक थेंब समजा. दोन टेराबाइटचे १६ लाख कोटी थेंब, म्हणजे ८० कोटी लिटर पाणी. सहा मीटर रुंद आणि बारा मीटर खोल विहिरीत साधारण ३ लाख ४० हजार लिटर मावतं. म्हणजे सुमारे २,३५० विहिरी काठोकाठ! दर सेकंदाला ४० हजार लिटर, दर साडेआठ सेकंदांना एक विहीर, आणि तीही एकेक थेंब आपापल्या जागी, ठरलेल्या क्रमाने. आपण संध्याकाळी सातला कॉपी लावली, जेवलो, झोपलो, आणि साडेबाराला गावंच्या गावं पुरतील एवढ्या विहिरी भरून तयार!

पण मला सगळ्यात थक्क करतो तो आकडा याहून लहान यंत्रात नाही, दुसऱ्या प्रतीत आहे. समजा, डिस्क वर्षभरात बंद पडण्याची शक्यता शंभरात एक आहे. पुणे शहराची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या ३१ लाख. प्रत्येकाने फोटोंची एकच प्रत ठेवली, तर वर्षात ३१ हजार जणांचे फोटो गेले! आता प्रत्येकाने दुसरी डिस्क घेतली, ती दुसऱ्या गावी भावाकडे ठेवली, आणि एक बंद पडली की त्याच दिवशी नवी भरून घेतली. मग सगळं जायला दोन्ही डिस्क एकाच दिवशी बंद पडाव्या लागतील. ती शक्यता वर्षाकाठी ३६ लाखांत एक. अख्ख्या पुण्यात सरासरी एकाचेही फोटो जाणार नाहीत!