कोरपन्याच्या भट्ट्या आणि रोजच्या आकड्यांचा धाक

जानेवारी 1982मध्ये अंतुले यांचे महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद गेले ते सिमेंटच्या वाटपावरून. पुढच्याच महिन्यात, 28 फेब्रुवारीला, केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. तोवर सिमेंटचा भाव सरकार ठरवी आणि माल कुणाला किती मिळणार हेही सरकारच ठरवी. टंचाई इतकी की गिऱ्हाईक परवाना हातात घेऊन रांगेत उभे. अशा उद्योगात कारखाना काटकसरीने चालवण्याची घाई कुणाला असणार? नव्या धोरणात नव्या कारखान्यांनी क्षमतेच्या निम्म्या हिशेबाने सिमेंट लेव्हीला, म्हणजे सरकारी भावाने सरकारी वाटपाला, द्यायचे आणि बाकीचे खुल्या बाजारात विकायचे, असे ठरले. याच वळणावर चंद्रपूर जिल्ह्यातल्या आजच्या कोरपना तालुक्यातल्या चुनखडीवर कारखाने उभे राहिले. आवाळपूरला 1983च्या सुमारास एल अँड टीचा आला, मागोमाग गडचांदूरला सेंच्युरीचा माणिकगड. पऱ्हाटी आणि ज्वारीच्या या पट्ट्यात दिवसाचे तीन भाग पाडणारी पाळी आली ती तेव्हा.

त्या काळच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर एकच आकडा राज्य करायचा: काल किल्न म्हणजे फिरती भट्टी किती तास चालली आणि क्लिंकर, म्हणजे दळण्याआधीचे सिमेंटचे खडे, किती टन निघाले. त्याला कारण होते. किल्नमध्ये माल साधारण 1450 अंशांपर्यंत तापवावा लागतो. ती अचानक बंद पडली की आतल्या विटा थंड होऊन तडकतात, आणि पुन्हा तापवून मार्गी लावायला दिवस जातो. म्हणून सकाळच्या मीटिंगला पहिला प्रश्न किल्नचा, बाकीचे सारे नंतर. लॅबमधून तासातासाला नमुन्याचा निकाल यायचा. फ्री लाइम, म्हणजे न जुळलेला चुना, वाढले म्हणजे माल कच्चा राहिला, फारच उतरले म्हणजे कोळसा फुकट जाळला. निळ्या काचेतून ज्वाला बघून भट्टीची प्रकृती ओळखणारा बर्नर आणि लॅबचा कागद, या दोहोंच्या मधोमध निर्णय व्हायचा. त्यात वर्धा खोऱ्यातला कोळसा राखेचा, आणि ती राखही सारखी कमीजास्त होणारी. ठरवलेले एक आणि झालेले दुसरे हा फरक रोजचा होता. तो का पडला, हे पाळी संपायच्या आत सांगावे लागे, आणि याच सवयीवर हे कारखाने उभे राहिले असे मला वाटते.

पण टनाचा आकडा एकटा राजा झाला की त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. महिनाअखेरचे लक्ष्य गाठायचे म्हणून दुरुस्ती पुढे ढकलायची आणि पुढच्या महिन्यात चार दिवस बंद राहायचे, हा सिमेंट धंद्यातला जुना रोग आहे. लक्ष्य पुरे झाल्याचे कागदावर दिसते, यंत्र मात्र झिजलेले असते.

1 मार्च 1989 रोजी उरलेले नियंत्रणही गेले. आता टनामागे खर्च किती, हा आकडा टेबलावर आला. एक किलो क्लिंकरला किती किलोकॅलरी, एक टन सिमेंटला किती युनिट वीज, हे मुख्यालय महिन्याला विचारू लागले. नव्या शतकाच्या सुरुवातीला उपरवाहीला गुजरात अंबुजाचा मराठा सिमेंट वर्क्स आला आणि तुलना शेजारच्या गावाशीच होऊ लागली. व्यवस्थापनशास्त्रज्ञ रॉबर्ट सायमन्स यांनी 1995च्या पुस्तकात एक उपयोगी भेद केला आहे. काही आकडे बिघाड झाला तरच बघायचे असतात. काही मात्र वरिष्ठाने स्वतः खालच्यांसोबत बसून पुन्हा पुन्हा चर्चेला घ्यायचे असतात, कारण नवी कल्पना तिथूनच निघते. ऊर्जेचा आकडा या दुसऱ्या जातीत गेला तेव्हाच क्लिंकर थंड करणाऱ्या कूलरची वाया जाणारी उष्णता कुणाच्या तरी नजरेत भरली.

सरकारनेही पुढे हीच रीत उचलली. 2001च्या ऊर्जा संवर्धन कायद्याच्या आधाराने 2012मध्ये ‘पॅट’ योजना सुरू झाली. प्रत्येक मोठ्या कारखान्याला ऊर्जाबचतीचे स्वतःचे लक्ष्य मिळाले. जास्त वाचवले तर विकता येईल असे प्रमाणपत्र, कमी पडले तर ते विकत घ्यायचे. पहिल्या तीन वर्षांच्या फेरीत देशातल्या 85 सिमेंट कारखान्यांना मिळून सुमारे 8 लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवायची होती. वाचली 14 लाखांहून अधिक. याला यश म्हणावेच लागेल, पण लक्ष्य सैल होते असाही त्याचा अर्थ निघतो, आणि सैल लक्ष्य ओलांडण्यात कुणाचाच कस लागत नाही.

मालक बदलत गेले. आवाळपूर 2004मध्ये बिर्लांच्या अल्ट्राटेककडे गेले, माणिकगडही 2019मध्ये त्याच छत्राखाली आले. उपरवाही 2022मध्ये अदानींकडे. नारंड्याचा मुरली इंडस्ट्रीजचा कारखाना कर्जात बुडून बंद पडला होता, तो 2020मध्ये दालमियाने घेतला. नवी यंत्रे, नवा कोळसा, सगळे असूनही कारखाना थांबतो, कारण पैशाचा ताळेबंद भट्टीच्या ताळेबंदासारखा रोजच्या रोज कुणी तपासत नाही. नारंड्याच्या तेव्हा थंड पडलेल्या भट्टीकडे बघताना मला हेच वाटत राहिले.

आता धुराकडे वळतो. 2009मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांनी देशात चौथे ठरले. 2014मध्ये सिमेंटसह सतरा प्रकारच्या उद्योगांना धुरांड्यावर चोवीस तास मोजणारी यंत्रे बसवून आकडे थेट मंडळाकडे पाठवण्याचे आदेश निघाले. फरक पडला. जो आकडा बाहेरचा माणूस बघू शकतो, त्याची दखल सकाळच्या मीटिंगमध्ये घ्यावीच लागते, धूळ अडवणाऱ्या बॅग फिल्टरची पिशवी फाटली तर तो प्रश्न ताबडतोब साहेबांचा होतो.

तरी यंत्र धुरांड्यावर आहे, रस्त्यावर नाही. ट्रकांमागे उठणारी धूळ, खाणीतला स्फोट, वेचणीला आलेल्या कापसावर बसणारा राखाडी थर ही या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार, आणि ती कोणत्याही स्क्रीनवर उमटत नाही. कंत्राटी कामगारांचेही तसेच. दरडोई उत्पादन काढताना फक्त कायम कामगार धरले की आकडा सुंदर दिसतो. पॅकिंग आणि लोडिंगला घाम गाळणारा माणूस त्या भागाकारात नसतो. त्याचा अपघात झाला तर तो आधी ठेकेदाराच्या वहीत जातो.

चाळीस वर्षांत या कारखान्यांनी सिद्ध केले आहे की, जे रोज विचारले जाते ते सुधारते. म्हणून मागणी साधी आहे. कंत्राटी माणसाचा अपघात आणि गावाच्या वेशीवरची धूळ हे दोन आकडे किल्नच्या तासांइतकेच वर, रोजच्या अहवालाच्या पहिल्या पानावर यावेत, आणि युनिट प्रमुखाचे वर्षाचे मूल्यमापन त्यांवरही व्हावे. मोजणी करणारे लोक गावात आहेत, ग्रामपंचायती आहेत. कारखान्याने फक्त त्यांची नोंद आपल्या वहीत घ्यायची आहे.