अर्ध्या किमतीची गाडी, पूर्ण किमतीचे सुटे भाग

सुरतेच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एक हिशेब इतक्या आत्मविश्वासाने मांडला जातो की ऐकणाऱ्याला त्यात काही चुकत असेल अशी शंकाही येत नाही: नवी असताना 25 लाखांची असलेली गाडी आज 6 लाखांत मिळते, तिच्या दुरुस्तीला दीड लाख घातले तरी एकूण खर्च साडेसात लाख, म्हणजे साडेसतरा लाख वाचले. उधना, लिंबायत, डिंडोली या मराठी वस्त्यांतील, पहिली 'दमदार' गाडी घेऊ पाहणाऱ्या तरुणालाही हाच हिशेब ऐकवला जातो. त्यातली बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे; चूक आहे ती गाडीची किंमत उतरली म्हणजे ती चालवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा खर्चही उतरला, या न बोलता धरलेल्या गृहीतकात.

परफॉर्मन्स कार म्हणजे बहुधा नेहमीच्याच मोटारीची अधिक ताकदवान आवृत्ती, जिच्यात टर्बोचार्जर, म्हणजे धुराड्याकडे जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, आणि त्या ताकदीला साजेसे ब्रेक व सस्पेन्शन बसवलेले असते. भारतात 2004 मध्ये आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, 2013 मध्ये चाकणच्या कारखान्यातून आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि 2015 मध्ये रांजणगावात बनलेली, 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो ही तिची ओळखीची उदाहरणे असून त्यांतल्या अनेक गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. अशा गाडीची किंमत वयामुळे, वापरामुळे आणि पुढच्या ग्राहकाच्या भीतीमुळे उतरते. तिचा टर्बो, ब्रेकची डिस्क किंवा हेडलाइट यांचे दर मात्र गाडी दहा वर्षांची झाली म्हणून कुणी निम्मे करत नाही, आणि गाडीचे उत्पादन थांबले असेल तर ते वाढूही शकतात. 2019 पासून भारतात फियाटच्या गाड्या विकल्या जात नाहीत, तेव्हा अबार्थच्या खास भागांसाठी किती शोधाशोध करावी लागेल, हे पैसे देण्याआधीच समजून घेतलेले बरे.

यावर कुणाचा विश्वास बसत नसेल तर विमा व्यवसायाची जुनी कोष्टके पाहावीत. गाडी हरवली किंवा पूर्ण नष्ट झाली तर मिळणारी कमाल रक्कम, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना पाचव्या वर्षाच्या शेवटापर्यंत मूळ किमतीतून 50 टक्के घसारा धरला जातो आणि त्यापुढे ती रक्कम विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. दुरुस्तीचा खर्च या आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपुढे गेला की गाडी दुरुस्त न करता पूर्ण नुकसान झाले असे मानले जाते. म्हणजे 6 लाख आयडीव्हीच्या गाडीसाठी ही रेषा साडेचार लाखांवर येते, आणि एअरबॅग, बंपर, रेडिएटर, दोन्ही हेडलाइट हे सगळे नव्या भावाने बसवायचे असेल तर 25 लाखांच्या वर्गातील गाडी समोरून बसलेल्या एका धक्क्यातच त्या रेषेला टेकू शकते. त्याखालच्या दाव्यातही साध्या पॉलिसीत पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांच्या किमतीतून 40 टक्के, तर रबर, प्लास्टिक व बॅटरीच्या किमतीतून 50 टक्के कापले जातात, आणि तो फरक मालकाच्या खिशातून जातो. आपोआप झालेला यांत्रिक बिघाड तर साध्या पॉलिसीत बसतच नाही. उतरलेली किंमत आणि न उतरणारा खर्च यांच्यातली ही दरी ज्यांचा धंदाच जोखीम मोजण्याचा आहे त्यांनी केव्हाच ओळखलेली आहे. फक्त खरेदीदाराला ती कुणी दाखवत नाही.

याच गैरसमजाचा जोडीदार म्हणजे 'छोटेसे काम आहे, तेवढे करून घ्या' हे वाक्य. जे काम 20 हजारांत होऊन गाडीला लाखभर जास्त भाव मिळवून देईल ते गाड्यांच्याच धंद्यात असलेला विक्रेता स्वतः का करून घेत नाही, हा साधा प्रश्न विचारण्याऐवजी ग्राहक मेकॅनिकचा नंबर मागतो, याला काय म्हणावे? पोलो जीटी टीएसआय आणि 1.8 टीएसआय इंजिनाच्या ऑटोमॅटिक ऑक्टाव्हियात असलेला सात गिअरांचा डीएसजी गिअरबॉक्स याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात तेलात न बुडालेले दोन क्लच असतात आणि ते केव्हा लावायचे, केव्हा सोडायचे हे मेकॅट्रॉनिक नावाचा, तेलाच्या दाबावर आणि इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारा एकत्र संच ठरवतो. याच गिअरबॉक्सच्या तक्रारींमुळे फोक्सवॅगनला 2013 मध्ये चीनमधून 3 लाख 84 हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बसणारा हलका हिसका ऑइल बदलून जाईल, क्लच बदलून जाईल, की मेकॅट्रॉनिकच बदलावे लागेल, हे निदान झाल्याखेरीज सांगता येत नाही, आणि या तीन उत्तरांच्या खर्चांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अशाच गाडीला 'मॅप' मारलेला असला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील मूळ आज्ञावली बदलून ताकद वाढवलेली असली, तर विक्रेता तो गुण म्हणून सांगतो. भारतात विकल्या गेलेल्या 1.8 टीएसआय सुपर्बचा मॅन्युअल गिअरबॉक्ससह टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, 320 न्यूटन-मीटर होता आणि याच डीएसजीसह तो 250 वरच रोखलेला होता. कंपनीने कंजूषपणा केला म्हणून नव्हे, तर हा गिअरबॉक्स 250 न्यूटन-मीटरसाठीच बनलेला आहे म्हणून. ती मर्यादा ओलांडून काही वर्षे पळवलेली गाडी 'अपग्रेडेड' म्हणून जास्त भावाने विकत घेणे, हे झिजलेल्या क्लचचे पैसे वर देऊन घेण्यासारखे आहे.

'चेक इंजिनचा दिवा लागत नाही, म्हणजे इंजिन ठीक' हे तर निखालस खोटे समाधान आहे, कारण बिघाडाचे कोड साध्या स्कॅनरने मिनिटभरात पुसता येतात. पुसता येत नाही ती त्याची खूण: कोड पुसले की उत्प्रेरक, ऑक्सिजन सेन्सर इत्यादींच्या स्वयंचाचण्या शून्यावर येतात, आणि गाडी वेगवेगळ्या वेगांनी पुरेशी चालेपर्यंत स्कॅनरच्या पडद्यावर त्यांच्यापुढे 'अपूर्ण' असेच दिसते. रोज वापरात असल्याचे सांगितलेल्या गाडीच्या बहुतेक चाचण्या अपूर्ण दिसल्या तर एक तर कोड आदल्याच दिवशी पुसले गेले आहेत किंवा बॅटरी नुकतीच काढली गेली आहे, आणि दोन्हींचा खुलासा विक्रेत्याने द्यायचा असतो. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहण्याचा आग्रहही यासाठीच धरावा. ग्राहक येण्याआधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात सैल टायमिंग चेनची सुरुवातीची खडखड आणि झिजलेल्या टर्बोतून गळणाऱ्या तेलाचा पहिला निळसर धूर लपून जाऊ शकतो.

पाण्याचा प्रश्न सुरतेत वेगळा मांडावा लागतो. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचे बहुतेक शहर बुडाले होते, त्यामुळे त्या सुमाराची जुनी ऑक्टाव्हिया आरएस विकायला आली तर तेव्हा ती कुठे उभी होती हे विचारणे अस्थानी नाही. शिवाय मिठी खाडीसारख्या खाड्यांचे पाणी आजही पावसाळ्यात लिंबायत-पर्वत पाटिया भागात शिरते. 'वाळली की गाडी झाली ठीक' असे म्हणणाऱ्यांनी सीटच्या रुळांवरचा गंज, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या हातभर पट्ट्यावर दिसणारी गाळाची रेघ आणि गालिच्याखालच्या वायरींच्या जोडांवरची हिरवी पूड पाहावी. असा माल कितीही स्वस्त असला तरी सोडावा, कारण यांत्रिक दुरुस्तीचा अंदाज काढता येतो, भिजलेल्या वायरिंगचा येत नाही.

उलट ज्या गाडीचे दोष ठाऊक आहेत, ज्यांचा खर्च कार्यशाळेने लेखी दिला आहे आणि जे सस्पेन्शनचे बुश, टायर, ब्रेक पॅड किंवा टर्बोपर्यंतच मर्यादित आहेत, ती घ्यायला हरकत नाही; अट एवढीच की चांगल्या स्थितीतील तशाच गाडीच्या भावातून तो खर्च आणि निदानात न दिसलेल्या कामांसाठी वेगळी गंगाजळी वजा करूनच किंमत सांगावी.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. पंधरा वर्षांनी गाडी भंगारात जाते, हा समज दिल्ली परिसरातील जुन्या पेट्रोल गाड्यांवरच्या निर्बंधांतून आलेला आहे. गुजरातेत तपासणी करून नोंदणीचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची विम्यातील सवलत, गाडीबरोबर येत नाही, तो त्या मालकाचाच राहतो. गुजरात पासिंगची गाडी जळगाव-नंदुरबारकडे नेऊन स्वस्तात पडते असेही नाही: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीचा कर किमतीनुसार 11 ते 13 टक्के असल्याने वयाची सूट धरूनही तो भरावाच लागतो. आणि मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या करून दिल्या की जबाबदारी संपली, असे समजणाऱ्या विक्रेत्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2018 चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल आहे: गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेलेली असो, आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघातातील भरपाईची जबाबदारीही त्याचीच.