स्लॅबवरची माती

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाची मुंबईत एक खोली होती. डिलाइल रोडला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय दहाची. भाडं वर्गणीतून जायचं आणि गावचा कुणीही पोरगा नोकरीच्या शोधात आला की त्याची वळकटी तिथंच पडायची. रातपाळी करून आलेला माणूस पहिल्या पाळीला गेलेल्याच्या अंथरुणावर आडवा व्हायचा. माझे चुलते त्या खोलीत एकवीस वर्षं राहिले. गिरणीच्या साचा खात्यात होते. मागांच्या खडखडाटानं कान गेले होते, त्यामुळे गावी आले तरी ओरडूनच बोलायचे. उत्तर कोरेगावात पाऊस दगा द्यायचा त्या सालात त्यांच्या मनीऑर्डरवर घर चालायचं.

यंदा उन्हाळ्यात त्या भागातून पायी हिंडलो. ज्या रस्त्यावर भोंगा झाला की माणसांचा लोंढा वाहायचा, तिथं आता मान वर करून मजले मोजावे लागतात. चुलत्यांच्या बोलण्यातल्या गिरण्यांची नावं मी फाटकांवर शोधत होतो आणि फाटकांवर दुसरीच नावं होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांतले सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातले कितीतरी जण ट्रंक उचलून गावी परतले आणि पुन्हा गेलेच नाहीत. मागे उरली जमीन. अठ्ठावन्न गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर. आमच्याकडच्या एखाद्या लहान गावाचं हे अख्खं शिवार झालं, आणि तेही मुंबईच्या ऐन मध्यावर.

या शिवाराचं काय करायचं, याचा एक चांगला नियम १९९१ साली झाला होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. भावकीतल्या वाटणीसारखा सरळ हिशोब. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटानं सुचवलं की प्रत्येक गिरणीचे तुकडे सुटे सुटे न पाडता जमीन एकत्र धरून आराखडा करा. स्टेशनांभोवती मोकळे चौक ठेवा, माणसाला पायी चालता येईल असं बघा. तो आराखडा प्रत्यक्षात आला नाही. २००१ मध्ये नियमच बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, तर गिरणीच्या आवारात बांधकाम नसलेल्या जागेचीच करायची असं ठरलं. गिरणीचं आवार म्हणजे शेडला शेड लागलेली. रिकामी जागा असणार ती किती? लोकांचे दोन वाटे तिथंच आटले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

पुढचं सगळं डोळ्यांना दिसतं. मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे सतरा एकर जागा २००५ मध्ये ७०२ कोटींना विकली गेली. सात वर्षांनी ती पुन्हा विकली गेली तेव्हा किंमत २,७०० कोटींच्या वर होती. आज तिथं मनोरे आहेत आणि त्यांच्यामध्ये सुमारे सात एकरांची बाग आहे. ही बाग रहिवाशांची, खासगी. श्रीनिवास मिलच्या जागेवर ७६ मजल्यांचा, २८० मीटर उंचीचा वर्ल्ड वन उभा आहे. त्याच गिरणीच्या वाट्यातून कामगारांसाठी ५४४ घरं निघाली. प्रत्येक घर २२५ चौरस फुटांचं.

गिरणी कामगारांच्या घरांच्या २०१२ मधल्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती. १ मार्च २०२० च्या सोडतीत बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची मिळून ३,८९४, किंमत साडेनऊ लाख. अर्ज केलेले कामगार आणि वारस मात्र दीड लाखाहून अधिक. चुलते पहिली सोडत पाहायलाही राहिले नाहीत. चुलतभावाकडे त्यांचं गिरणीचं तिकीट आणि भविष्यनिर्वाह निधीची पावती अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली आहे.

मी उंच इमारतींच्या विरोधात नाही. शहरात माणसं राहणारच, आणि आडवं पसरून शेतं गिळण्यापेक्षा वर जाणं शहाणपणाचं. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत राहिलेल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी चाळीस मजली इमारतीत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या बायामाणसांचा आनंद खरा होता, आणि तो मला मोलाचा वाटतो. पण वर जाण्याचं खरं समर्थन एकच असतं, की त्यामुळे खालची जमीन मोकळी होते. गिरणगावात माणूस वर गेला आणि खालची जमीनही गेली. तिच्यावर गाड्यांसाठी पोडियम उभे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, हजारो नोकरदार आले, जिना तेवढाच राहिला. कोरियांच्या अहवालातले स्टेशनाजवळचे मोकळे चौक त्या दिवशी मला फार आठवले.

जमीन उरली नाही की शहर बाग करायला दुसरीच जागा शोधतं. जगभर ती जागा म्हणजे महामार्ग. सिएटलनं १९७६ मध्ये शहर चिरत गेलेल्या महामार्गावर छत घालून फ्रीवे पार्क केलं. बॉस्टननं १९५९ सालचा उन्नत रस्ता पाडून तो जमिनीखाली नेला आणि वर दीड मैलाचा हरित पट्टा २००८ मध्ये खुला केला. माद्रिदनं मांझानारेस नदीकाठचा एम-३० रस्ता बोगद्यात घालून काठ माणसांना परत दिला. सोलनं तर २००५ पर्यंत उन्नत रस्ता काढूनच टाकला आणि त्याखाली गाडलेला चेओंगगेचेऑन ओढा उघडा केला.

यांतलं मला सर्वांत शिकवणारं उदाहरण डॅलसचं. तिथला महामार्ग आधीच जमिनीच्या पातळीखालून, खंदकातून जात होता. २०१२ मध्ये त्यावर क्लाइड वॉरन पार्क झालं, ५.२ एकर, आपल्या भाषेत पाच एकर आठ गुंठे. आता शेतकऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो मातीचा. आमच्याकडे माती ब्रासनं मोजतात. दहा बाय दहाच्या खोलीवर, म्हणजे चुलत्यांच्या त्या खोलीएवढ्या जागेवर, चार फूट माती घातली तर ती चार ब्रास होते. ओली असेल तर वीस टनांच्या आसपास वजन. एवढं ओझं आठ पदरी रस्त्यावर अधांतरी पेलायचं! तिथल्या अभियंत्यांनी तुळया सलग लावल्या नाहीत. तुळयांच्या जुड्या बसवून मध्ये खोल चर सोडले. झाडं त्या चरांत, खोल मातीत; बाकी ठिकाणी मातीचा थर पातळ, त्याखाली वजनाला हलका फोम. उसाची सरी सोडावी तशीच ही रचना. कोरेगावचा कुठलाही बागायतदार ती पाहताक्षणी ओळखेल.

त्या बागेनं आजूबाजूच्या जागांना सोन्याचा भाव आणला, भोवती मनोरे वाढले. शेजारच्या ४२ मजली म्युझियम टॉवरच्या काचांवरून परावर्तित झालेलं ऊन जवळच्या शिल्पसंग्रहालयात आणि त्याच्या बागेत पडू लागलं, त्यावरून वाद पेटला. हिरवळीमुळे जमिनीची किंमत वाढते आणि वाढलेली किंमत हिरवळीच्याच डोक्यावर येऊन बसते, ही गोष्ट डॅलसइतकी लोअर परळलाही लागू आहे.

आपल्याकडे स्लॅबवर बाग करण्याची कला मात्र नवी नाही. मलबार हिलचं हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, १८८१ मध्ये पाण्याच्या जलाशयावर केलं गेलं. सहावीत असताना चुलत्यांनी मला आधी समोरचा म्हातारीचा बूट दाखवला आणि मग इकडे आणलं. हिरवळीवर टाच आपटून ते ओरडले, "खाली पाणी हाय, पाणी!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. दुष्काळी भागातल्या माणसाला पायाखाली एवढं पाणी असणं ही बागेपेक्षा मोठी नवलाई होती. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरची जोसेफ बॅप्टिस्टा बागही जलाशयावरच आहे. लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांच्या नावाची ही बाग डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चढत गेलं की लागते, आणि तिथं मला अजूनही कष्टकरी माणसं बाकांवर पाय पसरून बसलेली दिसतात.

आता मुंबईचा सर्वांत मोठा प्रयोग किनारी रस्त्याचा आहे. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वरळीपर्यंत १०.५८ किलोमीटर, त्यात दोन किलोमीटरहून थोडे लांब जुळे बोगदे. पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. समुद्रात भराव घालून जी जमीन काढली, तिच्यातली ७० हेक्टर मोकळी आणि हिरवी ठेवायची आहे. महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जागा भुयारी वाटेनं तिला जोडून मोठं मध्यवर्ती उद्यान करायचं ठरलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये समुद्राकाठचा पदपथ खुला झाला. मी त्यावर चाललो. वारा उत्तम होता, समुद्र मोकळा होता. पण शहर आणि ती हिरवळ यांच्यामध्ये रस्ता आहे, आणि तो ओलांडायचा तर भुयारी वाट गाठावी लागते. डॅलसमध्ये बाग रस्त्यावर आहे म्हणून दोन्ही बाजूंची वस्ती जोडली जाते. इथं बाग रस्त्यापलीकडे आहे. गुडघे दुखणारी लालबागची म्हातारी तिथं रोज संध्याकाळी जाईल का? माझा प्रत्येक बागेला हाच प्रश्न असतो.

त्या मानानं माटुंग्याचं छोटं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. तिथल्या उड्डाणपुलाखाली गाड्या आणि घाण साचायची. रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये पुलाखाली नानालाल मेहता उद्यान झालं. त्यातली चालण्याची वाट नर्मदेच्या वळणांसारखी आखली आहे. झाडं मोठी होणार नाहीत, डोक्यावर पूल आहे. पण घरातून स्लिपर घालून पाच मिनिटांत पोचता येतं.

आमच्या जिल्ह्यातही डॅलसच्या त्या खंदकातल्या रस्त्याचा धाकटा भाऊ आहे. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर जानेवारी २०२१ मध्ये ग्रेड सेपरेटर सुरू झाला. गाड्या जमिनीखालून जातात, वर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचा चौक. खरंतर वरची जागा माणसांना परत देण्याची ही दुर्मिळ संधी होती. आज वरही गाड्याच आहेत. कोरेगावहून एसटीनं आलेला माणूस तिथं अजून अंग चोरूनच रस्ता ओलांडतो.

आणि खुद्द कोरेगाव? सातारा रस्ता रुंद झाला, सिमेंटचा झाला, आमच्या लहानपणीची कडेची सावली गेली. गावात चार-पाच मजली इमारती उभ्या राहताहेत. मनोरे यायला अजून वेळ आहे, आणि तोच वेळ आपल्या हातात आहे. कायदाही हाताशी आहे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा. त्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. बागेचं आरक्षण पडलं तरी काम संपत नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या ठरावीक मुदतीत काही झालं नाही तर आरक्षण उठतं. गावोगावच्या बागा अशाच कागदावरून पुसल्या गेल्या आहेत. कुणी तारीख लक्षात ठेवत नाही.

मी आणि चुलतभावानं ती लक्षात ठेवायचं ठरवलंय. आम्ही मनात जागाही धरली आहे: बाजाराच्या जवळ, एसटी स्टँडवरून डोक्यावर बोजा घेऊन निघालेल्या बाईला वाटेत टेकता येईल अशी. खाली स्लॅब नसलेली. वाघ्या घेवड्याच्या या काळ्या मातीत वड लावायला चर खणावे लागत नाहीत. चुलतभाऊ म्हणतो, हरकतीचा अर्ज त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू, चुलत्यांच्या तिकिटाशेजारी, म्हणजे हरवणार नाही.