आधी मोजा, मग पान टाका

मैत्रिणींनो, पत्ते म्हटलं की आठवते मे महिन्याची सुट्टी, मामाचं घर आणि दुपारभर रंगलेला मेंढीकोट नाहीतर पाच-तीन-दोन. पण मोठेपणी पत्ते खेळणारी बाई लोकांच्या डोळ्यांवर येते. पुरुष क्लबात खेळले तर विरंगुळा आणि बायका खेळल्या की "घरी कामं नाहीत वाटतं!"

आमच्या मंडळात आठवड्यातून दोन दुपारी ब्रिज चालतो. पैसे लावायचे नाहीत, हा पहिला नियम. तरीही साठी उलटलेल्या एका काकूंना मुलाने सांगितलं, "या वयात जुगार नको, उद्यापासून जाऊ नकोस." काकू एकट्या पडलेल्या, आठवड्यातल्या त्या दोन दुपारी हाच त्यांचा आधार. मी सरळ पत्त्यांचा जोड घेऊन त्यांच्या घरी गेले.

मुलाला आधी दोन गोष्टी सांगितल्या. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं, आणि रमीतलं नशीब हे ब्रिजची पानं वाटताना असतं तसंच आहे, असं म्हटलं. दुसरं म्हणजे 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच आला. तिथे प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक मिळवलं. मिश्र संघाच्या ब्राँझपदकात किरण नाडर आणि हेमा देवरा होत्या, दोघीही साठी ओलांडलेल्या.

"ताई, बातम्या ठीक आहेत. पण यात डोकं कुठे लागतं?" तो म्हणाला. मग म्हटलं, बसा, एक डाव खेळून बघा.

ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार. प्रत्येकाला 13 पानं. 'तीन नो ट्रम्प' ही बोली म्हणजे हुकूम कुठलाच नाही आणि 13 पैकी 9 हात करायचे. डावीकडच्याने उतारी केली की बोलीवाल्याचा जोडीदार आपली पानं उघडी मांडतो. त्याला डमी म्हणतात. दोन्हीकडची पानं बोलीवालाच खेळतो.

त्याच्या हातात मी दिली: इस्पिक एक्का, 7, 4, बदाम एक्का, 5, 2, चौकट राजा, 8, 3, किलवर राजा, राणी, 6, 3. समोर डमी: इस्पिक 8, 3, बदाम राजा, 6, 4, चौकट राणी, गुलाम, 10, 9, 5, किलवर एक्का, 7, 2. डावीकडे काकू, उजवीकडे मी. काकूंनी इस्पिकचा राजा टाकला.

त्याने झटकन एक्का मारला. मग चौकटचा राजा टाकला, तो माझ्या एक्क्याने गेला. मी इस्पिक फिरवलं आणि काकूंनी इस्पिकचे चार हात ओळीने उचलले. आमचे पाच झाले, त्याचे आठ. डाव बुडाला.

"अरे, आधी मोजायचं," काकू म्हणाल्या. सगळी पानं पुन्हा तशीच लावून त्यांनी लेकाला शिकवलं. हक्काचे हात किती? इस्पिक 1, बदाम 2, किलवर 3. झाले सहा. उरलेले तीन चौकटमधूनच येणार, कारण चौकटचा एक्का बाहेर काढला की तिथे चार हात तयार होतात. पण तो एक्का काढताना एकदा उतारी आमच्याकडे जाणार. तेव्हा आम्ही काय करू शकतो? इस्पिक. म्हणून इस्पिकचा एक्का पहिल्या दोन वेळा दाबून ठेवायचा आणि तिसऱ्यांदाच घ्यायचा. तेव्हा डमीतलं बदामाचं 4 टाकून द्यायचं.

आता गंमत बघा. माझ्याकडे इस्पिकची तीनच पानं होती, ती संपली. चौकटचा एक्का मी घेतला, तरी काकूंना द्यायला इस्पिक माझ्याकडे उरलं नव्हतं. मी काहीही खेळले तरी उतारी त्याच्याकडेच. आमचे तीन हात, त्याचे दहा!

एक्का काकूंकडेच असता तर? तर डाव गेलाच असता, तिथे कुणाचाच इलाज नाही. आणि इस्पिक आमच्यात चार-चार असते, तर आमचे चारच हात होऊन डाव कसाही निभावला असता. म्हणजे विचार कामी येतो तो मधल्या शक्यतेत.

मैत्रिणींनो, शिकायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. डमी उघडली की पहिलं पान टाकायच्या आधी थांबा. हक्काचे हात मोजा. कमी पडणारे कुठून येतील ते ठरवा. धोका कुठल्या बाजूने आहे ते पाहा. कमी पानांच्या बाजूचं मोठं पान आधी खेळा. इथे चौकटचा राजा. किलवरचा एक्का आणि बदामाचा राजा आधीच वाजवून टाकू नका. डमीतल्या चौकटींपर्यंत पोचायचे ते जिने आहेत. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात सगळी शिल्लक आपण उडवत नाही, तसंच हे.

काकूंचा मुलगा जाताना एवढंच म्हणाला, "आई, हे तू कधी शिकलीस?" काकू पुढच्या दुपारी वेळेवर हजर होत्या. तुमच्या मंडळातही एक चटई, एक पत्त्यांचा जोड आणि चौघीजणी, एवढंच पुरेल.