बांधावरची गारगोटी चमकवायची, तर पावडर कोणती?

नांगराचा फाळ खाली गेला की गारगोट्या वर येतात. विहीर खोदताना तर पाट्याच्या पाट्या निघतात. पोरं दोन-चार खिशात घालतात, बाकीच्या बांधावर पडतात. आपल्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये तयार झालेले अकीक, जास्पर, स्फटिक हेच ते खडे. गुजरातेत खंबातला अकीक घासून मणी करण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आपल्याकडे कुणा तरुणाने किंवा बचत गटाने फिरत्या पिंपात खडे घोळवून विकायचे ठरवले, तर पहिला सवाल येतो तो पॉलिशच्या पावडरीचा. नेमके इथेच पैसे फुकट जातात.

पॉलिश ही शेवटची पायरी आहे. त्याआधी कार्बोरंडमची भुकटी लागते. पहिल्यांदा ६०-९० नंबरची जाड, मग १२०-२२० ची, मग ५०० ची बारीक. साधारण एकेका पायरीला आठवडा धरावा. ही घासाई कच्ची राहिली, तर कितीही भारी पावडर टाका, खडा मुकाच राहणार.

आता पावडरीचे बघू. अकीक, जास्पर, गार हे कठीण खडे. त्यांना अॅल्युमिनियम ऑक्साईड बहुतेक वेळा पुरते. ती अगदी बारीक, एक मायक्रॉनच्या आसपासची घ्यावी. सिरियम ऑक्साईडही गारेच्या जातीच्या खड्यांना चांगली चकाकी देते. काच पॉलिश करणारे हीच वापरतात, त्यामुळे काचेच्या कामाचे सामान विकणाऱ्याकडे चौकशी करावी. टिन ऑक्साईड चांगली, पण महाग. नवशिक्याने तिच्या नादी लागू नये. क्रोमियम ऑक्साईड हिरवी असते आणि लाल रूज लोखंडाची. दोन्हींचा रंग खड्याच्या चिरांत बसतो, तो निघता निघत नाही.

महाग ती चांगली, असं काही नसतं. आधी थोडीच पावडर आणा. दीड किलोच्या पिंपाला दोन-तीन मोठे चमचे पुरतात. पिंप दोन तृतीयांश ते पाऊण भरावे आणि पाणी खड्यांच्या वरच्या थराच्या जरा खालीच ठेवावे. आठवड्याने एक खडा धुऊन कोरडा करा. ओला असताना दिसत होती तशीच चमक कोरड्यावर राहिली, तर काम झाले. नाही राहिली, तर पावडर बदलण्याआधी ५०० नंबरची पायरी पुन्हा करून बघा.

भुकटीचा जाड कण पुढच्या पायरीत गेला की सगळ्या घाण्यावर ओरखडे उठतात. म्हणून प्रत्येक वेळी खडे आणि पिंप साबणाने धुवावे. पॉलिशला वेगळे पिंप ठेवता आले तर उत्तमच. चिरा-खड्डे असलेले खडे आधीच बाजूला काढावेत. त्यातला गाळ मोरीत ओतू नका, नळीत घट्ट बसतो. खड्डा करून त्यात टाका आणि वर माती लोटा.

विहिरीत सापडणारे कॅल्साईट किंवा स्टिल्बाईटचे पांढरे नाजूक स्फटिक मात्र पिंपात घालू नका. ते मऊ असतात, त्यांचा चुरा होईल. असा स्फटिक अखंड, जसाच्या तसा असला तरच त्याला मोल.

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे. खडा कोरडा फोडू नका, घासू नका. त्याच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. खंबातच्या कारागिरांनी त्याची मोठी किंमत मोजली आहे. काम ओल्यानेच करावे. सांडलेला गाळही वाळायच्या आत पुसून घ्यावा, आणि लेकरांना जवळ फिरकू देऊ नये.

ग्रामसेवक, तलाठी मंडळींनीही ध्यानात घ्यावे. अकीक आणि जास्पर ही फेब्रुवारी २०१५ पासून गौण खनिजांत मोडतात; क्वार्ट्झही तेव्हा त्यांत होते, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये ते त्यातून काढले गेले. खिशातल्या चार खड्यांची गोष्ट वेगळी. पण खोदून विकायचे असेल, तर तहसील कार्यालयात आधी विचारणा करावी. पावडर आणणे ही त्यानंतरची गोष्ट.