इंजिन अदलाबदल (मोटारवाहन)

मोटारवाहनात कारखान्यातून बसवून आलेले इंजिन काढून त्याच्या जागी वेगळ्या बनावटीचे, वेगळ्या प्रकारचे किंवा नव्या पिढीचे इंजिन बसवण्याच्या क्रियेस इंजिन अदलाबदल असे म्हणतात. निकामी झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे दुसरे इंजिन बसवणे ही दुरुस्ती होय. अदलाबदलीत मात्र वाहनाचे मूळ स्वरूपच बदलते. बहुतेक वेळा इंजिनासोबत क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि विद्युत नियंत्रण प्रणालीही बदलावी लागते. म्हणून या क्रियेचा विचार केवळ इंजिनाचा नव्हे, तर इंजिनापासून चाकांपर्यंतच्या संपूर्ण चालनयंत्रणेचा बदल म्हणून केला जातो.

जगभरातील मोटारप्रेमींमध्ये या विषयाचे सर्वाधिक चर्चिले जाणारे उदाहरण म्हणजे माझदा आरएक्स-७ ही टर्बोचार्जर असलेली रोटरी इंजिनाची जपानी स्पोर्ट्स कार. महाराष्ट्रात अशा बदलाची महत्त्वाची उदाहरणे हौशी गॅरेजमध्ये नव्हे, तर कारखान्यांतच घडली. महिंद्राच्या जीपला मिळालेले प्युजो डिझेल इंजिन आणि प्रीमियर ११८ एनई या गाडीतील निस्सान इंजिन ही त्यांपैकी दोन होत.

रोटरी इंजिन आणि आरएक्स-७

रोटरी इंजिनाची कल्पना जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांची असल्याने त्यास वांकेल इंजिन असेही म्हणतात. या इंजिनात खालीवर होणारा दट्ट्या नसतो. लंबवर्तुळासारख्या, मध्यभागी किंचित चिमटलेल्या पोकळीत त्रिकोणी आकाराचा रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजूंवर शोषण, दाब, ज्वलन आणि उत्सर्जन या क्रिया एकामागून एक घडतात. रोटरचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत मुख्य दांड्याचे तीन फेरे होतात. झडपा व दट्टे नसल्यामुळे हे इंजिन लहान, हलके व कमी कंपनाचे असते आणि उच्च फेऱ्यांवरही सहज फिरते.

जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९६४ मध्ये हे इंजिन असलेली गाडी बाजारात आणली. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरची गाडी सादर केली आणि पुढे अनेक दशके या तंत्राचा पाठपुरावा केला. १९९१ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत माझदाच्या चार रोटरच्या ७८७ बी या गाडीने जिंकली. आरएक्स-७ चे उत्पादन १९७८ मध्ये सुरू होऊन तीन पिढ्यांनंतर २००२ मध्ये थांबले. तिसऱ्या पिढीतील १३ बी इंजिनात प्रत्येकी ६५४ घनसेंमी क्षमतेचे दोन रोटर, म्हणजे एकूण १,३०८ घनसेंमी क्षमता होती. त्यास एकामागून एक कार्यान्वित होणारे दोन टर्बोचार्जर जोडलेले होते.

या रचनेचे दोषही तिच्या गुणांतूनच उद्भवतात. रोटरच्या तीन टोकांवर गॅस रोखून धरणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना एपेक्स सील म्हणतात. टर्बोचार्जरमुळे दाब वाढलेला असताना इंधन अवेळी पेटल्यास या पट्ट्या तुटतात आणि इंजिन उघडण्यावाचून पर्याय राहत नाही. पट्ट्यांच्या वंगणासाठी थोडे तेल सतत ज्वलनकक्षात सोडावे लागते. इंधनाचा खप अधिक असतो आणि बाहेर पडणारा वायू अतिशय तप्त असल्याने टर्बोचार्जर, नळ्या व तारा यांवर ताण येतो. त्यामुळे अनेक मालकांनी रोटरी इंजिन काढून अमेरिकेतील जनरल मोटर्सचे ॲल्युमिनिअमचे व्ही-८ इंजिन त्याच्या गिअरबॉक्ससह बसवण्याचा मार्ग स्वीकारला.

चालनयंत्रणेचा मेळ

नव्या इंजिनाची ताकद किती, यापेक्षा ती चाकांपर्यंत कोणत्या प्रमाणात पोहोचते हे अदलाबदलीत अधिक महत्त्वाचे असते. इंजिनाचा टॉर्क, गिअरचे प्रमाण आणि डिफरन्शियलचे प्रमाण यांचा गुणाकार म्हणजे ढोबळ मानाने चाकांना मिळणारा टॉर्क होय.

तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ च्या सुरुवातीच्या इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे २९४ न्यूटन-मीटर होता. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.४८३ आणि डिफरन्शियलचे ४.१० धरल्यास चाकांपाशी सुमारे ४,२०० न्यूटन-मीटर मिळतात. १९९७ च्या कॉर्व्हेट गाडीतील ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाचा टॉर्क सुमारे ४७५ न्यूटन-मीटर असून त्याच्या सहा गिअरच्या गिअरबॉक्सचे पहिले प्रमाण २.६६ होते. डिफरन्शियल मूळचेच ठेवल्यास हा आकडा सुमारे ५,१८० होतो. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये वाढ सुमारे २३ टक्केच दिसते. परंतु दोन्ही गिअरबॉक्समध्ये १:१ असलेल्या चौथ्या गिअरमध्ये ती ६० टक्क्यांहून अधिक भरते. हा वाढीव भार डिफरन्शियल, ॲक्सल आणि सांध्यांना सोसावा लागतो. इंजिन उत्तम चालत असताना मागचा ॲक्सल तुटणे हा अनुभव म्हणूनच अपवादात्मक मानला जात नाही.

यांशिवाय पुढील बाबींचा विचार करावा लागतो.

आधार व जागा: इंजिनाचे फाउंडेशन, आडवी पट्टी, तेलाचा सम्प आणि गिअरबॉक्सची पोकळी नव्या इंजिनाच्या मापाची असावी लागते. इंजिन उंच किंवा फार पुढे बसल्यास गाडीचा गुरुत्वमध्य बदलतो व वळणावरील स्थैर्य कमी होते. प्रोपेलर शाफ्टचा कोन चुकल्यास सतत कंपन जाणवते.

ब्रेक: पेट्रोल इंजिनाच्या शोषणनलिकेत निर्माण होणाऱ्या निर्वातावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात थ्रॉटल झडप नसल्याने असा निर्वात मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवताना हा पंप वगळल्यास ब्रेक दाबण्यास अतिशय जड होतो.

विद्युत नियंत्रण: आधुनिक इंजिन त्याच्या नियंत्रक संगणकाविना चालत नाही. संवेदक, तारांचे जाळे, इंधनपंपाचा दाब, थ्रॉटलचे पेडल आणि चोरीविरोधी कुलूप हे सर्व एकाच संचातून घ्यावे लागते.

थंडावा: इंजिनाची ताकद वाढली की त्याने बाहेर टाकावयाची उष्णताही वाढते. त्यामुळे रेडिएटर, पंखा आणि हवेचा मार्ग यांची फेरआखणी करावी लागते.

महाराष्ट्रातील कारखानदारीतील उदाहरणे

महिंद्रा कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जीपमध्ये सुमारे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले आणि ग्रामीण भागात वापरल्या जाणाऱ्या या वाहनासाठी डिझेल इंजिनाची गरज तीव्र झाली. कंपनीने फ्रान्सच्या प्युजोशी १९७९ मध्ये परवाना करार करून एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन स्वीकारले. नावातील ४ हा आकडा सिलिंडरांची संख्या आणि ९० हा आकडा सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवतो. इंजिनाची क्षमता २,११२ घनसेंमी होती. पुढे या इंजिनांचे उत्पादन नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे होऊ लागले. अशा रीतीने अमेरिकी सैनिकी सांगाड्यात फ्रेंच मोटारीचे इंजिन बसलेली जीप महाराष्ट्रभर रूढ झाली.

दुसरे उदाहरण वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे आहे. मुंबईच्या कुर्ला येथील या कंपनीने १९८५ मध्ये ११८ एनई ही गाडी आणली. तिची मूळ रचना १९६६ च्या फियाट १२४ ची होती, तर इंजिन जपानच्या निस्सानचे १,१७१ घनसेंमीचे ए-१२ हे होते. नावातील 'एनई' ही अक्षरे निस्सान इंजिनाचीच निदर्शक आहेत. इंजिनासोबत निस्सानचाच गिअरबॉक्स घेतल्यामुळे दोहोंचा मेळ नव्याने बसवण्याचा प्रश्न उरला नाही. हौशी अदलाबदलीतही इंजिन व गिअरबॉक्स एकाच संचातील घेण्याचा प्रघात याच कारणाने पडला आहे.

खानदेशातील परिस्थिती

इगतपुरीहून निघालेला मुंबई–आग्रा महामार्ग नाशिक, मालेगाव मार्गे धुळ्यास येतो आणि शिरपूरच्या पुढे सातपुडा ओलांडतो. सुरत–नागपूर महामार्ग धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव व भुसावळ या गावांतून जातो. सातपुड्याच्या पायथ्याची गावे आणि चाळीसगाव–कन्नड दरम्यानचा औट्रम घाट यांमुळे या भागात चढणीवर भार ओढणाऱ्या वाहनांना महत्त्व आहे.

जळगाव–भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याहून वर जाते. याचा इंजिनाच्या थंडाव्याशी थेट संबंध आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे आतील पाणी व बाहेरील हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९५ अंश असताना बाहेर २५ अंश असल्यास हा फरक ७० अंशांचा असतो. बाहेर ४५ अंश असल्यास तो ५० अंशांवर येतो. तेवढीच उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याच रेडिएटरची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढवावी लागते. थंड प्रदेशात यशस्वी ठरलेली अदलाबदल तशीच येथे केल्यास उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापण्याचा संभव असतो. टर्बोचार्जर असलेल्या रोटरी इंजिनास तर हा धोका अधिक, कारण त्यात अतितापाने सील व कक्षाच्या भिंती यांची कायमची हानी होते.

कायदेशीर तरतुदी

भारतात हा विषय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली येतो. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनावर किंवा ऊर्जेवर वाहन चालवण्यासाठी मान्यताप्राप्त रूपांतर संच बसवण्यास विहित अटींवर मुभा आहे. किमान १० परिवहन वाहने असलेल्या मालकांना त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीविना बदलण्याची परवानगी राज्य शासन देऊ शकते. मात्र असा बदल १४ दिवसांच्या आत कळवावा लागतो. धुळे (एमएच-१८), जळगाव (एमएच-१९) आणि नंदुरबार (एमएच-३९) येथील वाहनांसाठी ही नोंद त्या त्या परिवहन कार्यालयात होते.

सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात दिलेल्या निकालात उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अधिनियमात आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळत नसल्यास वाहनाची विक्री, योग्यता तपासणी आणि अपघातानंतरचा विमा दावा या तिन्ही प्रसंगी अडचण उद्भवते. प्रवासी वाहतूक करणाऱ्या वाहनाबाबत ही बाब केवळ मालकापुरती मर्यादित राहत नाही.

मूळ स्वरूपाचा प्रश्न

जुन्या वाहनात नवे इंजिन बसवावे की मूळ इंजिनच पुन्हा उभे करावे, याबाबत मोटारप्रेमींमध्ये मतभेद आहेत. नवे इंजिन बसवल्याने वाहन प्रत्यक्ष वापरात राहते, सुटे भाग मिळतात व खर्च आटोक्यात येतो, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. रोटरी इंजिन काढलेली आरएक्स-७ ही केवळ त्या आकाराची दुसरी गाडी ठरते, असे दुसरा पक्ष मानतो. आधुनिक इंधन नियंत्रक, मोठा रेडिएटर आणि नव्या पट्ट्या वापरून रोटरी इंजिनच टिकाऊ करण्याचा मध्यम मार्गही अनेकांनी अवलंबला आहे.

भारतात या वादास २०२१ पासून कायद्याचीही बाजू आली. त्या वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र पद्धत समाविष्ट झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि मोठे फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहनेच या वर्गात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून तिची मुदत १० वर्षे असते. त्यामुळे पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलेली जुनी जीप वयाने पात्र असली, तरी मूळ स्वरूपाच्या अटीवर अपात्र ठरू शकते. काढलेले मूळ इंजिन भंगारात न घालता त्याच्या क्रमांकासह जपून ठेवावे आणि नव्या आधारांसाठी मूळ सांगाडा कापू नये, असा संकेत यामुळे जुन्या वाहनांच्या संग्राहकांमध्ये पाळला जातो.